‘भारी कंटेंट आहे’

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. सातारा जिल्ह्यातलं गाव. आत्या पडवीत बसून भाजणीसाठी डाळी निवडत होती आणि स्वतःशीच ओवी म्हणत होती. घरातलं जातं आता परसात पडून असतं, दळण गिरणीतून येतं. पण हाताला निवडण्या-टिपण्याचं काम लागलं की तिच्या तोंडी ओवी येतेच.

माझा धाकटा चुलतभाऊ कॉलेजात आहे. त्याने हळूच फोन काढला, रेकॉर्ड केलं, परत एकदा चालवून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, “आत्या, भारी कंटेंट आहे!”

“काय आहे?”

“कंटेंट गं.”

“म्हंजे काय रे?”

तो जरा अडखळला. “म्हणजे... हेच. तू म्हणतेस ते.”

“मग ओवी म्हण की,” आत्या म्हणाली, आणि परत खाली मान घालून डाळीतले खडे काढायला लागली.

मी मध्ये पडायला हवं होतं, कारण दोन वर्षं मी ‘कंटेंट रायटर’ या पदावर पगार घेतलाय. पण मलाही धड उत्तर देता आलं नसतं. हा लेख म्हणजे आत्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

डबा आणि डब्यातलं

इंग्रजीत हा शब्द जुना आहे. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कोन्तिनेरे’ या क्रियापदात आहे. अर्थ : एकत्र धरून ठेवणं, सामावून घेणं. ‘कंटेन’ आणि ‘कंटेनर’ ही त्याची सख्खी भावंडं. ‘कॉन्टिनेंट’ हाही त्याच घरातला, म्हणजे मध्ये न तुटता सलग धरून राहिलेली जमीन. आणि ‘कंटेंट’ म्हणजे जे धरून ठेवलंय ते. आतलं.

या अर्थाने तो बराच काळ मुख्यतः अनेकवचनात वावरला. पेटीतले कंटेंट्स, खिशातले कंटेंट्स, पत्रातले कंटेंट्स. आजही इंग्रजी पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानावर ‘कंटेंट्स’ असतं, ज्याला आपण अनुक्रमणिका म्हणतो. या अनेकवचनात एक शिस्त आहे. आत काय काय आहे ते एकेक करून सांगता येतं, मोजता येतं. कस्टमचा अधिकारी बॅग उघडायला लावतो तेव्हा त्याला कंटेंट्स बघायचे असतात.

याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे. त्यात जोर दुसऱ्या अक्षरावर येतो आणि अर्थ होतो समाधानी, तृप्त. मूळ तेच. जो स्वतःतच सामावलाय, ज्याला बाहेरचं आणखी काही नको, तो. शेक्सपिअरच्या काळात तर हा शब्द ‘समाधान’ या अर्थाचं नाम म्हणूनही सर्रास चालायचा. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आजही मतदान होतं तेव्हा बाजूने असणारे ‘कंटेंट’ आणि विरोधातले ‘नॉट कंटेंट’ असं म्हणतात.

एकाच स्पेलिंगच्या या दोन शब्दांचं आज फोनमध्ये चांगलंच वाजलंय. पहिल्या कंटेंटचा सगळा धंदा तुम्ही दुसऱ्या अर्थाने कंटेंट होणार नाही यावर चालतो. एक रील बघून तुमचं समाधान झालं आणि तुम्ही फोन खाली ठेवला, तर पुढची जाहिरात कोणाला दाखवायची?

‘स’ कुठे गेला?

माझ्या मते या शब्दाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे त्याच्या शेवटचा ‘स’ गळणं. एकवचनी ‘कंटेंट’ आधीही होता. खाण्याच्या पदार्थातला ‘फॅट कंटेंट’, सिरपमधला ‘अल्कोहोल कंटेंट’, किंवा समीक्षेतली ‘फॉर्म आणि कंटेंट’ ही जोडी. पण या प्रत्येक ठिकाणी तो कशाचा तरी होता. दुधाचा, औषधाचा, कवितेचा. ‘कशाचा?’ हा प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं.

आज ‘मी कंटेंट बनवतो’ असं कोणी म्हणालं तर ‘कशाचा?’ असं आपण विचारत नाही. फार तर ‘कशावर?’ म्हणून विचारतो, आणि तोही ‘फूड’, ‘फायनान्स’, ‘कॉमेडी’ असं सांगतो.

मराठीत आल्यावरही हा शब्द मोजता न येणाराच राहिला. आपण ‘एक रील’, ‘दोन पोस्टी’, ‘तीन व्हिडिओ’ म्हणतो. ‘दोन कंटेंट’ म्हणत नाही. त्याचं व्याकरण पाण्यासारखं, पिठासारखं, वाळूसारखं आहे. वाळूचे कण कोणी मोजत नाही, वाळू ब्रासमध्ये मोजतात. तसाच कंटेंट व्ह्यूजमध्ये आणि वॉच टाइममध्ये मोजला जातो. आपण एखाद्या गोष्टीला वाळूच्या व्याकरणात बसवलं की तिच्यातल्या एका कणात आणि दुसऱ्या कणात फरक करायची गरज उरत नाही.

या बदलाला एक प्रसिद्ध कागद आहे. जानेवारी १९९६मध्ये बिल गेट्सने एक छोटा लेख लिहिला. शीर्षक : ‘कंटेंट इज किंग’. इंटरनेटवर खरा पैसा कंटेंटमधून येईल, जसा तो टीव्ही-रेडिओच्या प्रसारणात आला, असं त्याचं म्हणणं होतं. इंटरनेटच्या संदर्भात कंटेंटची व्याख्या फार रुंद होते हेही त्याने नोंदवलं होतं, अगदी सॉफ्टवेअरसुद्धा तो त्यात धरत होता. त्या लेखातले दोन मुद्दे आज सहसा कोणी सांगत नाही. एक, ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि मोडेम आहे असा कोणीही आता प्रकाशित करू शकेल. आणि दोन, हे सगळं टिकायचं असेल तर कंटेंट देणाऱ्यांना त्यांच्या कामाचे पैसे मिळायला हवेत. शीर्षक मात्र जगभर फिरलं. आपल्याकडे सिनेमावाल्यांच्या मुलाखतीतही ‘शेवटी कंटेंट इज किंग’ हे वाक्य येतंच.

राजा म्हटल्यावर त्याचं राज्य चालतं असं वाटतं. माझ्या नोकरीत मात्र उलटं होतं. सकाळी एक शीट यायची. त्यात शीर्षक ठरलेलं, कोणते शब्द किती वेळा यायला हवेत ते ठरलेलं, लांबी ८०० शब्द हीही ठरलेली. शेवटचा रकाना ‘कंटेंट’, तो रिकामा. तो मी भरायचा. एकाच दिवशी मूळव्याधीवरचे घरगुती उपाय आणि पावसाळ्यात फिरायच्या १० जागा. लिफाफा आधी तयार, पत्ता आधी तयार, तिकीट लावून झालेलं. पत्र तेवढं राहिलेलं.

हायवेवरचा कंटेनर

मराठीत ‘कंटेंट’च्या आधी त्याचा भाऊ आला : कंटेनर. तोही थेट रस्त्यावर. ‘कंटेनरची दुचाकीला धडक’, ‘घाटात कंटेनर उलटला’ या बातम्या वाचत आपण मोठे झालो. या लोखंडी खोक्याचा इतिहास ‘कंटेंट’ समजून घ्यायला फार उपयोगी पडतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यावर ५८ खोकी होती. ही कल्पना रेटणारा माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. त्याआधी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पिंपं, गाठोडी, पेट्या वेगवेगळ्या उचलायच्या. गोदीतल्या हमालाला माल ओळखता यायला लागायचा. काय खाली ठेवायचं, काय वर, काय ओलं होऊ द्यायचं नाही, हे ज्ञान त्याच्या हातात असायचं. कंटेनरने ते सगळं पुसलं. खोक्याचं माप ठरलं, आणि क्रेन चालवणाऱ्याला आत बूट आहेत की औषधं, हे माहीत असण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोदीतलं काम हळूहळू तिकडे सरकलं.

फीडचंही असंच आहे. उभ्या आयताचं माप ठरलेलं. त्यात लावणी, भूकंप, मोमोजची रेसिपी, कोणाच्या तरी वडिलांचा अंत्यविधी, कशाचाही माल बसतो. वाहून नेणाऱ्या यंत्रणेला आत काय आहे याच्याशी फक्त एवढंच देणंघेणं असतं की किती जण थांबले आणि किती वेळ. ‘कंटेंट’ हा शब्द मुळात या यंत्रणेच्या खुर्चीवर बसून उच्चारलेला आहे. बंदराच्या मॅनेजरने सगळ्या मालाला ‘कार्गो’ म्हणावं यात काही चुकीचं नाही, त्याचं कामच ते आहे. प्रश्न येतो तो बूट शिवणाराच ‘मी कार्गो बनवतो’ असं म्हणायला लागतो तेव्हा.

आपल्याकडचे तीन शब्द

मग मराठीत याला काय म्हणावं? मी प्रतिशब्द सुचवून शुद्धीकरणाची मोहीम काढत नाहीये. ‘कंटेंट’ मराठीत आलाय आणि राहणार आहे. पण त्याच जागेवर आपल्याकडे आधीपासून जे शब्द आहेत ते उलगडून बघितले तर आपण काय सोडून काय घेतलंय ते दिसतं.

पहिला, आशय. ‘पत्राचा आशय’, ‘अशा आशयाचं निवेदन’. समीक्षेत ‘कंटेंट’ला हाच शब्द वापरतात. पण जलाशय, गर्भाशय, मूत्राशय, पित्ताशय हे शब्द आठवा. संस्कृतात आशय म्हणजे मुळात जिथे काही विसावतं ती जागा. म्हणजे आशय हा आधी डबाच होता, नंतर तो डब्यातलं झाला, आणि मग मनातलं झाला. एकाच शब्दात बाहेरचं आणि आतलं दोन्ही. जलाशयातलं पाणी काढलं तर जो उरतो तो खड्डा. गर्भाशय आणि गर्भ यांचं नातं तर कंटेनर आणि बुटांसारखं नाहीच. तिथे धरून ठेवणारं आतल्याला घडवत असतं.

मराठी समीक्षेत आशय आणि आकृतिबंध यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीची संघटना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी समजावली. त्यांचं सगळंच आज पटेल असं नाही. पण कवितेतून अर्थ तेवढा चमच्याने काढून घेतला तर हातात कविता राहत नाही, ही गोष्ट त्या वादांनी आपल्या अंगवळणी पाडली. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकात शब्द आणि अर्थ यांना शिव-पार्वतीसारखं एकमेकांत मिसळलेलं म्हटलंय, ते याच जातीचं.

दुसरा, मजकूर. हा अरबीतून फारसीमार्गे आला. अर्थ : ज्याचा उल्लेख झालाय ते, म्हटलं गेलेलं. जुन्या मोडी कागदांत ‘साल मजकूर’, ‘कसबे मजकूर’ असं येतं. म्हणजे मजकुराच्या पोटात बोलणारा कोणीतरी आहे. कोणीतरी म्हटल्याशिवाय मजकूर होत नाही. आता गंमत बघा. व्हायरल होतो तो ‘कंटेंट’ असतो. पण त्याच पोस्टवर गुन्हा दाखल झाला की बातमीत तो ‘आक्षेपार्ह मजकूर’ होतो. पैसे वाटायची वेळ येते तेव्हा बोलणारा दिसेनासा होतो, पकडायची वेळ येते तेव्हा लगेच सापडतो.

तिसरा, साहित्य. इथे माझ्या बाजूची पंचाईत आहे. कंटेंट या शब्दाने सगळं एका मापात कोंबलं अशी तक्रार करायची, तर आपण ज्या शब्दाने ज्ञानेश्वरांपासून नामदेव ढसाळांपर्यंत सगळ्यांना सांगतो, त्याच शब्दाखाली रेसिपीच्या पुस्तकात ‘दोन वाट्या रवा, एक वाटी तूप’ असं लिहिलेलं असतं. मग कंटेंटवरच नाक कशाला मुरडायचं?

उत्तर त्याच पानावर आहे. ‘साहित्य’च्या खाली लगेच ‘कृती’ असते. कृतीशिवाय साहित्य म्हणजे नुसता रवा. या शब्दातच ‘सहित’ आहे, सोबत असणं, एकाने दुसऱ्यात मुरणं. कंटेंटच्या खाली कृती लिहायची पद्धत नाही. तिथे खाली असतं ‘पोस्ट’ नावाचं बटण.

सिनेमातला कंटेंट, फोनमधला कंटेंट

मराठीत मात्र या शब्दाने एक अजब उडी मारली आहे. तो एकाच वेळी दोन उलटे अर्थ वागवतो.

सिनेमाबद्दल बोलताना ‘कंटेंट’ ही शाबासकी असते. ‘हिंदीकडे स्टार आहेत, आपल्याकडे कंटेंट आहे.’ २००४ साली ‘श्वास’ भारताकडून ऑस्करला गेला, तेव्हापासून मराठी सिनेमाची ओळख सांगताना हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येतं. इथे कंटेंट म्हणजे दम, सत्त्व, सांगण्यासारखं काहीतरी. वर्तमानपत्री परीक्षणातला जुना ‘आशयघन’च नव्या कपड्यात. आणि तोच माणूस थिएटरमधून बाहेर येऊन फोन उघडतो तेव्हा ‘कंटेंट’ म्हणजे जागा भरायला जे लागतं ते. आज टाकायला कंटेंट नाही. पोरांच्या बोलण्यात तर तिसराच अर्थ : ‘तो माणूस म्हणजे नुसता कंटेंट आहे’, म्हणजे ज्याच्यावर हसता येतं असा.

माझी तक्रार पहिल्या, शाबासकीच्या अर्थाबद्दलही आहे. ‘कंटेंट भारी आहे’ असं म्हणून आपण सिनेमाबद्दल बोलणं टाळतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. त्याचा कंटेंट सांगायचा तर : एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो. ही बातमी झाली. सिनेमा आहे तो कॅमेऱ्याच्या बसण्यात. तो लांबवर, जवळजवळ न हलता, कोर्टातल्या बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा बसून राहतो. तारीख पडते, लोक उठून जातात, तरी तो बघत राहतो. मग वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो, सुट्टी लागल्यावर न्यायाधीशाच्या मागे सहलीला जातो. या बसून राहण्याने कंटाळा येतो, आणि हा कंटाळा हीच आरोपीला मिळालेली शिक्षा आहे हे हळूहळू लक्षात येतं. हा कंटाळा तीस सेकंदांत सांगता येत नाही.

आणि ‘कोर्ट’ची गोष्ट तरी काय आहे? वीरा साथीदारांनी उभा केलेला नारायण कांबळे वस्तीत उभा राहून गातो. त्या गाण्याला डफ आहे, संताप आहे, समोर बसलेली माणसं आहेत. पोलीस त्यातला ‘कंटेंट’ तेवढा बाजूला काढतात आणि आरोपपत्रात ठेवतात. गाण्यातून गाणं वजा केलं की काय उरतं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण हे आहे.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल, हा आता ‘आमच्या वेळी’ सुरू करणार. नाही. कारण या शब्दाच्या बाजूनेही बोलण्यासारखं खूप आहे.

मार्टिन स्कॉर्सेसीने २०२१ साली फेलिनीवर लेख लिहिताना याच शब्दावर राग काढला होता. डेव्हिड लीनचा सिनेमा, मांजराचा व्हिडिओ आणि जाहिरात यांना एकाच नावाने हाक मारली जाते, हे त्याला सलत होतं. त्याचं दुःख खरं आहे. पण ते गडावरून दिसणारं दुःख आहे. पायथ्याशी उभ्या असलेल्याला वेगळं दिसतं.

‘साहित्य’, ‘कला’ या शब्दांच्या दाराशी आपल्याकडे नेहमी कोणीतरी उभं होतं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ला आला, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ला. दलित लेखनाबद्दल तेव्हा एक सूर हमखास लागायचा : अनुभव दाहक आहे, पण कलाकृती म्हणून काय? म्हणजे आशय मान्य, घर मान्य नाही. आशय आणि आकृतिबंध वेगळे करता येत नाहीत असं म्हणणारी समीक्षा, गरज पडली की ते बरोबर वेगळे करून एका हाताने घ्यायची आणि दुसऱ्या हाताने परत पाठवायची.

‘कंटेंट’च्या दाराशी असा माणूस नाही. २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांनी आयुष्यात कधी दिवाळी अंकाला कविता पाठवली नसती अशी माणसं कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. बांधावर नाचणारं जोडपं, वीटभट्टीवर संवाद म्हणणारा पोरगा. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा शहरातल्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या सुटकेत अभिरुची किती होती आणि ‘ही असली माणसं’ दिसायची बंद झाली याचा आनंद किती होता, हे ज्याने त्याने बघावं. या माणसांना कोणी कलावंत म्हटलं नव्हतं. ‘कंटेंट क्रिएटर’ तरी म्हटलं. नावापुढे काहीतरी लागलं.

म्हणून ‘कंटेंट’ हा हलका आणि ‘साहित्य’ भारी, अशी उतरंड मला मांडायची नाही. हा लेखही तुम्ही फोनवरच वाचताय, याच्या वर-खाली काय आहे ते मला माहीत नाही, आणि संपादकांच्या शीटमध्ये यालाही बहुधा कंटेंटच म्हणत असतील.

माझी अडचण वेगळी आहे. दार उघडलं हे चांगलं झालं, पण आत येणाऱ्याचं नाव कोणी लिहून घेत नाहीये.

ओवीची दुसरी ओळ

चुलतभावाने आत्याचा व्हिडिओ टाकला. आधी त्याला तो कापावा लागला. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबला पाहिजे, म्हणून आत्याचं खाकरणं गेलं. मग खाली मान घालून बसलेल्या बाईचा चेहरा दिसत नाही, म्हणून हातांचा एक शॉट आधी आला. मागे बासरी टाकली. आणि तीस सेकंद झाल्यावर ती ओवी संपली, म्हणजे व्हिडिओ संपला.

जात्यावरच्या ओवीची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना यात काय झालं ते कळेल. पहिल्या ओळीत बाई काहीतरी मांडून ठेवते : एखादी वाट, एखादं झाड, भावाची गाडी. ही ओळ बहुतेकदा उसनी असते, पंचक्रोशीतल्या सगळ्या बायका ती म्हणतात. दुसऱ्या ओळीत ती आपलं म्हणणं त्यावर ठेवते. जात्याचा फेरा पूर्ण होतो तशी ओवीही फिरून जागेवर येते. आत्याने त्या दिवशी एक ओळ दोनदा घोळवली होती, आणि तिसऱ्यांदा तीच घेऊन मग पुढे गेली होती. तिचं स्वतःचं जे काही होतं ते त्या पुढच्या ओळीत होतं. रीलमध्ये ती ओळ नाही.

कंटेंट पूर्ण होता. ओवी अर्धी होती.

पोरगा वाईट नाही. त्याला आत्याचं कौतुकच होतं. खोक्याचं माप त्याने ठरवलेलं नाही. पण त्याच्याकडे फक्त ‘कंटेंट’ हा शब्द होता, आणि त्या शब्दाला पहिली ओळ आणि दुसरी ओळ यात फरक करता येत नाही. ‘ओवी’ हा शब्द त्याच्या तोंडात असता तर कापताना त्याचा हात एकदा थांबला असता, असं मला वाटतं. एखाद्या गोष्टीचं नाव माहीत असलं की ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेही माहीत असतं. नाव नुसतं लेबल नसतं, ते वापरण्याची रीतही सांगतं.

याच ओव्यांबाबत एक वेगळं काम महाराष्ट्रात झालंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या बऱ्याच ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. ओवी तिथेही फोनवरच वाजते, तोच पडदा, तोच डेटा. पण ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो, रेकॉर्ड केल्याची तारीख असते. ओवी पूर्ण असते. म्हणजे प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, कागद विरुद्ध फोन असाही नाही. उचलणाऱ्याने उचलताना कोणता शब्द मनात धरला होता, याचा आहे.

दिवाळीनंतर महिन्याभराने आत्याचा फोन आला. गावातल्या कोणीतरी तिला रील दाखवलं होतं. खूप लोकांनी बघितलं म्हणे, बदाम टाकले म्हणे. ती खूश होती का, ते तिच्या आवाजावरून मला ठरवता येईना. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “का रे, त्यात माझं नाव का नाही घातलं?”

मी चुलतभावाला सांगितलं. त्याने त्याच दिवशी खाली आत्याचं नाव टाकलं, गावाचंही टाकलं. मग थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला : ‘पूर्ण रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ते पण टाकू का? दोन मिनिटं वीस सेकंद होतंय. कोण बघणार पण एवढं?’

मी लिहिलं, टाक.

त्याने टाकलं. या वेळी वर ‘ओवी’ असं लिहिलं होतं.